माझ्या मागे असं करा : मराठी माणसांच्या शेवटच्या इच्छा आणि त्यांचं पुढे काय झालं

आमच्या आत्याची चिठ्ठी सापडली ती दहाव्या दिवशी. देवघराशेजारच्या कपाटात, पोथीच्या रुमालात घडी घालून ठेवलेली. वहीचा अर्धा कागद, अक्षर स्वच्छ, खाली तारीख आणि सही. मजकूर चारच ओळींचा : मला मेडिकल कॉलेजात द्या, नाही जमलं तर विजेवर जाळा, लाकडं नकोत, तेराव्याचं जेवण नको, त्या पैशात शाळेला पंखे घेऊन द्या. एवढंच.

तोवर सगळं उरकलं होतं. रामबागेच्या मुक्तिधामात लाकडं आणि कंड्यांवर दहन झालं होतं, खेडीघाटला जाऊन अस्थी नर्मदेत सोडल्या होत्या, पेपरात उठावन्याची जाहिरात येऊन गेली होती, तेराव्याच्या आचाऱ्याला आगाऊ पैसेही दिले होते. दादा चिठ्ठी वाचून ओटल्यावर जाऊन बसला तो तासभर उठला नाही. "अगं, एकदा तोंडानं म्हणाली असती तर," एवढंच तो मला म्हणाला. खरं सांगायचं तर ती म्हणाली होती, दोन-तीनदा. आम्ही प्रत्येक वेळी "आत्या, असलं काही बोलू नकोस गं" म्हणून विषय बदलला होता.

मंडळाच्या बैठकीत हे सहज बोलले, तर चहाच्या वेळी पाच जणांनी पाच चिठ्ठ्या सांगितल्या. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या मावशीची. तेव्हा लक्षात आलं की आपण इंदूरची, ग्वाल्हेरची, महेश्वरची छत्री न् छत्री हिंडलो, कोणत्या खांबावर काय कोरलंय ते पाठ आहे, पण ज्याच्या नावाची ती छत्री त्याला स्वतःला काय हवं होतं हे आपण कधी विचारलंच नाही. हा लेख त्या प्रश्नातून झाला. यात मोठी नावे आहेत ती मोठी म्हणून नाहीत; त्यांच्या इच्छांची नोंद राहिली आणि पुढे काय झाले त्याचीही राहिली, म्हणून आहेत. आपल्या आत्या-मावश्यांच्या चिठ्ठ्या रद्दीत जातात.

जाळणे हीच एक रीत होती का?

सुरुवात इथून करायला हवी, कारण "पुरणं आपल्यात नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते अर्धे खरे आहे. बेळगावकडच्या मंडळींना हे सांगावे लागत नाही. तिथे मराठी बोलणारी लिंगायत वाणी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि लिंगायतांत मृताला बसलेल्या स्थितीत, इष्टलिंगासह, विभूती लावून भूमीत ठेवतात. गोसावी आणि नाथपंथी यांच्यातही समाधीच. संन्याशाला अग्नी नाही, कारण दीक्षेच्या वेळीच त्याने गृहस्थाचा अग्नी सोडलेला असतो. त्याला जलसमाधी किंवा भूसमाधी देतात आणि भूसमाधीत मीठ घालतात. तान्ही मुले तर ब्राह्मणांच्या घरातलीही पुरतात. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटिअरे उघडून पाहा. जातवार माहिती देताना प्रत्येकाचे मृत्यूचे विधी दिले आहेत आणि "जाळतात किंवा पुरतात" अशा अर्थाची नोंद कितीतरी ठिकाणी भेटते. लाकूड महाग, जमीन हाताशी, असा साधा हिशेबही त्यामागे असे.

मग सगळेच जाळू लागले ते कधी? याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. शहरात आल्यावर, चार पैसे हाती आल्यावर, वरच्या मानल्या गेलेल्या जातींची रीत उचलण्याकडे कल होता हे मात्र दिसते. म्हणजे ज्याला आपण "परंपरा" म्हणतो ती काही घरांत दोन-तीन पिढ्यांचीच असू शकते. आपापल्या घरी विचारून बघा.

शब्दांचीही एक गंमत आहे. दख्खनेत "समाधी" म्हणजे देह पुरलेली जागा, दहनाच्या जागेवर बांधलेली घुमटी, आणि संताने जिवंतपणी घेतलेली ती, अशा तिन्ही गोष्टी. आळंदीची ज्ञानेश्वरांची समाधी 1296 सालची, ती तिसऱ्या प्रकारची. आपल्याकडे माळव्यात "छत्री" म्हणतात आणि तिच्याखाली बहुतेक वेळा कुणी नसते. मल्हारराव होळकर 1766 मध्ये आलमपूरला वारले, तिथे अहिल्याबाईंनी छत्री बांधली. यशवंतराव 1811 मध्ये भानपुऱ्यात गेले, त्यांची छत्री तिथे. पहिले बाजीराव 1740 मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले, त्यांची समाधी तिथेच. महादजी शिंद्यांची वानवडीला, कारण 1794 मध्ये ते पुण्यात होते. फिरस्ते सरदार हे. जिथे देह पडला तिथे अग्नी, आणि तिथेच दगड. त्यात निवडीचा भाग जवळजवळ नव्हता. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 1936 मध्ये कीर्तिमंदिर उभे केले, तेव्हा मात्र घराण्याची आठवण कशी राहावी हे एका माणसाने जिवंतपणी, विचार करून ठरवले. तो नव्या काळाचा माणूस.

फुल्यांचा खड्डा

शेवटची इच्छा कायद्याच्या कागदावर लिहून ठेवणाऱ्या मराठी माणसांत जोतीराव फुले फार आधीचे. 1887 मध्ये त्यांनी मृत्युपत्र केले. त्यात दत्तकपुत्र यशवंत हा वारस असे लिहिले आणि देहाविषयीही लिहिले : दहन न करता मिठात घालून पुरावे. पुण्याच्या गंजपेठेतल्या आपल्या घराच्या मागे त्यांनी त्यासाठी खड्डाही करवून घेतला होता.

यातले मीठ लक्षात घ्या. वर सांगितलेच, समाधी देताना मीठ घालायची चाल आपल्याकडे होतीच. फुले काही परक्या मुलखातली रीत आणत नव्हते. आयुष्यभर भटभिक्षुकांच्या विधींविरुद्ध लिहिलेल्या माणसाला शेवटी त्यांच्या हाती जायचे नव्हते, आणि त्यांनी निवडलेली वाट इथल्याच मातीत वापरात असलेली होती. एरवी संन्याशाला मिळणारा मान एका गृहस्थाने, तोही माळ्याच्या घरातल्या, स्वतःसाठी मागितला. मला तरी त्यात जोतीरावांचा खास खोडकरपणा दिसतो. हे माझे मत, इतिहास म्हणून घेऊ नका.

1888 मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. शेवटची दोन वर्षे ओढीची गेली. मामा परमानंदांनी त्यांच्या मदतीसाठी सयाजीरावांना लिहिले होते, हे बडोद्याच्या वाचकांना माहीत असेल. 28 नोव्हेंबर 1890 रोजी फुले गेले. खड्डा तयार, मृत्युपत्र तयार, बायको-मुलगा राजी. आणि नगरपालिकेने परवानगी नाकारली. कारण असे की ती राहत्या वस्तीची जागा, दफनभूमी नव्हे. फुले स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद राहिलेले होते. ज्या संस्थेत बसून त्यांनी लोकांच्या पाण्याचा, पैशाचा विचार केला तिच्याच नियमाने त्यांचा खड्डा रिकामा ठेवला. नियम चूक होता असे मी म्हणणार नाही. पटकीच्या काळातले शहर, घरोघरी परसात पुरू लागले तर काय होईल ही भीती खोटी नव्हती. पण जिवंतपणी खड्डा खणला जात होता तेव्हा कुणी जाऊन परवानगी मागितली असती तर? तीन वर्षे हातात होती.

दहन करावे लागले. तिथे दुसरे भांडण उभे राहिले. टिटवे कोण धरणार? जो टिटवे धरतो तो वारस ही समजूत, म्हणून पुतण्याने दत्तकपुत्राच्या हक्काला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या, टिटवे स्वतः हातात घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी त्यांनी दिला. 1890 साली. आजही आमच्याकडे मुलीने अग्नी दिला की पेपरात फोटो येतो. नंतर अस्थी आणून त्या तयार खड्ड्यात ठेवल्या आणि वर समाधी झाली. गंजपेठेत फुलेवाड्यात गेलात तर ती बघायला मिळते.

म्हणजे हिशेब असा की मृत्युपत्रातली इच्छा पुरी झाली नाही, पण जागा तीच राहिली. रक्षा नदीत न सोडता घराच्या मातीत ठेवणे, जे आज "नवीन" म्हणून कौतुकाने सांगतात, झाडाखाली वगैरे, ते पुण्यात सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेले आहे. अडचणीतून का होईना.

फ्लॉरेन्सचा घाट

फुल्यांच्या वीस वर्षे आधी याच्या बरोबर उलटे एक प्रकरण घडले. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, बाबासाहेब शिवाजी छत्रपतींच्या नंतरचे, 1870 मध्ये विलायतेला गेले. वीस वर्षांचा मुलगा. प्रवासाची डायरी इंग्रजीत ठेवत होता, ती पुढे 1872 मध्ये पुस्तक होऊन छापली गेली. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला त्यांची प्रकृती बिघडली आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी ते तिथे वारले.

त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि त्या देशात प्रेत जाळायची पद्धत नव्हती. सगळे पुरत. बरोबरच्या लोकांपुढे प्रश्न : छत्रपतींना ख्रिस्ती मुलखात मातीत ठेवायचे की काय? त्यांनी आग्रह धरला, अधिकाऱ्यांकडे खटपट केली आणि शहराने खास परवानगी दिली. जागा निवडली तीही पाहा. आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा मिळतो तो संगम, कॅशिने बागेच्या टोकाला. संगम पाहिजे म्हणजे पाहिजे! चिता रचली, विधी झाले, रक्षा मायदेशी गंगेकडे नेली.

पुढे 1874 मध्ये त्या जागी स्मारक झाले. चार खांबांवर छत्री, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, फुलर नावाच्या शिल्पकाराने केलेला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम सुरू केले तेच. म्हणून मी नेहमी म्हणते की आपल्या छत्र्यांच्या यादीत एक इटलीतली धरा. जवळच्या पुलालाही तिथले लोक "हिंदी माणसाचा पूल" अशाच नावाने ओळखतात.

त्यानंतर सहाच वर्षांनी, 1876 मध्ये, इटलीतच मिलान शहरात युरोपातली पहिली आधुनिक दाहिनी सुरू झाली. राजारामांच्या चितेमुळे ती झाली असे कुणी म्हणू नये. तिथल्या डॉक्टरांची आणि सुधारकांची चळवळ आधीपासून चालू होती. पण गंमत बघा. तिकडचे सुधारक "पुरू नका, जाळा" म्हणत होते, आणि पुण्यातला सुधारक "जाळू नका, पुरा" म्हणत होता. दोघांचे भांडण एकाच गोष्टीशी होते : माझ्या देहाचे काय करायचे हे पुरोहित ठरवणार की मी? दिशा उलट, प्रश्न एक.

याच काळातले तिसरे उदाहरण आनंदीबाई जोशींचे, आणि मला ते सगळ्यात जास्त हलवते. 1886 मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षेसुद्धा पुरी नव्हती. दहन इथे झाले. पण रक्षा अमेरिकेत गेली. त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या, ज्यांना त्या मावशी म्हणत, त्या कार्पेंटरबाईंकडे. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे आणि वर त्यांच्या नावाचा दगड आहे. दहनही झाले, दफनही झाले. नदी मात्र नाही. समुद्र ओलांडला म्हणून जिला नावे ठेवली तिची रक्षा पुन्हा समुद्र ओलांडून गेली. आज परदेशात मुले असलेली आपली किती घरे हाच प्रश्न घेऊन बसली आहेत : अस्थी इकडे आणायच्या, की तिकडेच कुठे ठेवायच्या? त्यांना हे उदाहरण माहीत असावे.

ज्यांच्या इच्छा पाळल्या गेल्या

ग्वाल्हेरच्या मंडळींना राणी लक्ष्मीबाईंची गोष्ट मी काय सांगणार. जून 1858, कोटा की सरायची लढाई, आणि देह इंग्रजांच्या हाती लागू नये ही शेवटची इच्छा. बाबा गंगादासांच्या मठात, हाताशी असेल त्या लाकडा-गवतावर घाईने अग्नी दिला. फुलबागेजवळची समाधी त्या जागेची. इथे ना कागद, ना साक्षीदार, ना परवानगी. पाळणारी माणसे तिथे हजर होती आणि ऐकले ते त्यांनी त्याच क्षणी केले.

आगरकरांची गोष्ट निराळी. त्यांनी तर जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली, विरोधकांनी काढलेली. 1895 मध्ये ते गेले तेव्हा उशाशी आपल्या दहनापुरते पैसे पुडीत बांधून ठेवलेले सापडले असे सांगतात. दहन कसे करावे याविषयी त्यांचा आग्रह नसेल, पण त्याचा भार कुणावर नको हा होता. आमच्या लहानपणी इंदुरात अशा पुड्या ठेवणाऱ्या म्हाताऱ्या घरोघर होत्या. लुगडे, गंगाजळाची लोटी, तुळशीचे पान आणि पुडी. तेही इच्छापत्रच, वाचता न येणाऱ्या बाईने लिहिलेले.

विसाव्या शतकात कागदावरची आणि तंतोतंत पाळलेली इच्छा म्हणून सावरकरांचे नाव घ्यावे लागते. त्यांच्या राजकारणाबद्दल आपल्या वाचकांत दोन टोकांची मते आहेत, ती या लेखापुरती बाजूला ठेवू. 1966 मध्ये त्यांनी अन्न-औषध थांबवले आणि 26 फेब्रुवारीला मुंबईत ते गेले. त्यांनी लिहून ठेवले होते : विद्युतदाहिनीत दहन करा, खांद्यावरून नेऊ नका, वाहनातून न्या, माझ्यासाठी दुकाने बंद करू नका, पिंड-श्राद्ध-काकस्पर्श काही नको. चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत दहन झाले. यात माझे लक्ष वेधते ती दुकानांची गोष्ट. आपल्या मरणाने भाजीवाल्याचा एक दिवसाचा धंदा बुडू नये, इतका बारीक तपशील लिहिणारा माणूस हिशेबी होता.

आणि नानाजी देशमुख. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, आयुष्य उत्तरेत काढलेले, शेवटी आपल्याच मध्य प्रदेशात चित्रकूटला. 27 फेब्रुवारी 2010 रोजी गेले आणि देह दिल्लीच्या एम्समध्ये गेला, शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी. चित्रकूटहून दिल्ली म्हणजे शेजारचे गाव नव्हे. तरी हे झाले, कारण त्यांनी देहदानाचा संकल्प 1997 मध्येच करून ठेवला होता आणि भोवतीच्या प्रत्येकाला तो माहीत होता. तेरा वर्षे आधी! फुल्यांचा खड्डा तीन वर्षे आधी खणला होता, पण नगरपालिकेला पुसले नव्हते. फरक इथे आहे.

मग आपली चिठ्ठी कशी लिहायची?

हा भाग इतिहासाचा नाही. पण मागच्या बैठकीत सगळ्यांनी विचारले म्हणून लिहिते आहे. मी गेले वर्षभर ठिकठिकाणी जाऊन विचारून घेतले त्यातले थोडे.

पहिली गोष्ट, मृत्युपत्रात लिहून भागत नाही. मृत्युपत्र उघडतात तेरावा झाल्यावर, जमिनीची आणि बँकेची बोलणी सुरू होतात तेव्हा. देहाचा निर्णय पहिल्या चार-सहा तासांत झालेला असतो. शिवाय आपला देह ही आपली मालमत्ता नव्हे, ती कुणाला "देता" येत नाही. आपण लिहिलेली इच्छा नातेवाईकांना कोर्टातून बांधून ठेवेल अशी आशा धरू नये. देहदानाचा फॉर्म भरलेला असला तरी प्रत्यक्ष वेळी जवळच्या नातलगांची तयारी नसेल तर कॉलेज देह नेत नाही. फोन त्यांनीच करायचा असतो, तुम्ही करू शकत नाही. मला हे एका शरीररचनाशास्त्र विभागातल्या बाबूंनी असेच सांगितले : "ताई, आपण तर नसणार ना त्या वेळी."

दुसरी, देहदानाला अटी आहेत. शवविच्छेदन झालेला देह बहुधा घेत नाहीत, म्हणजे अपघात किंवा पोलिस केस असेल तर नाही. काही संसर्गजन्य रोग असतील तर नाही. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला लागतो, देह लवकर पोचवावा लागतो, उन्हाळ्यात तर फारच लवकर. नेत्रदानासाठी साधारण सहा तास, आणि ते देहदान न करताही करता येते, दहनाच्या आधी अर्ध्या तासात होते. अवयवदान ही आणखी वेगळी गोष्ट. ते मुख्यतः दवाखान्यात मेंदूमृत्यू झाल्यास. घरी अंथरुणावर गेलेल्या माणसाचे मूत्रपिंड देता येत नाही. हे न समजल्यामुळे लोक एकच फॉर्म भरून निश्चिंत होतात. म्हणून चिठ्ठीत "नाही जमलं तर" हे शब्द हवेत. आमच्या आत्याने ते लिहिले होते. बाई हुशार होती.

आमच्या ओळखीच्या एका घरी फॉर्म होता, मुले तयार होती, तरी रविवार असल्याने त्या संस्थेत फोन कुणी उचलला नाही आणि संध्याकाळी शेवटी दहन करावे लागले. तेव्हा एक नव्हे, दोन-तीन नंबर लिहून फ्रिजवर चिकटवा. फ्रिजवरच. कपाटात नको, पोथीत तर मुळीच नको.

दहनच करायचे तर तिथेही निवड आहे. लाकडांची चिता तीनशे-चारशे किलो लाकूड खाते. माळव्यात कंड्यांचे दहन जुनेच आहे आणि अलीकडे लाकूड वाचवायचे म्हणून लोक पुन्हा त्याकडे वळले आहेत, म्हणजे आजीची रीत नव्या नावाने आली. विजेची किंवा गॅसची दाहिनी बहुतेक मोठ्या शहरांत आहे. तिथे काम दीड-दोन तासांत होते आणि रक्षा लगेच मिळते. मंत्र म्हणायला तिथे कुणी मनाई करत नाही. ज्यांना लाकूड नको पण विधी हवेत त्यांना वाटते की विजेवर गेलो की सगळेच सोडावे लागेल. तसे काही नाही. दाहिनीच्या दारापर्यंत सगळे तेच असते, टिटवेसुद्धा.

पुरायचे असेल तर मात्र आधी जागा. लिंगायत, गोसावी समाजांच्या आपापल्या भूमी आहेत. इतरांनी शेतात, परसात वगैरे ठरवले असेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे आज जा. 1890 चा नियम अजून तसाच आहे समजा.

रक्षेचे काय करावे यावर मात्र घरचेच मालक. नर्मदेत सोडा, मातीत ठेवा, झाड लावा. राख थेट रोपाच्या मुळाशी भरपूर घालू नका, रोप मरते; मातीत चांगली मिसळून, मोठ्या खड्ड्यात घाला. हे मला आमच्या माळ्याने सांगितले.

आत्याच्या चिठ्ठीपैकी आम्हाला एकच गोष्ट करता आली. तेराव्याच्या आचाऱ्याला दिलेले पैसे परत मागितले. त्याने कुरकुर न करता दिले, उलट "बाईंनी बरोबर केलं" म्हणाला. शाळेला चार पंखे आले. त्यावर नाव टाकू का, असे मुख्याध्यापकांनी विचारले. दादा म्हणाला, चिठ्ठीत नावाचं काही लिहिलेलं नाही.

मूळ चिठ्ठी आता मंडळाच्या संग्रहात, कागदपत्रांच्या तिसऱ्या पेटीत आहे. आणखी तिघांनी आपल्या घरच्या दिल्या आहेत, त्यातली एक मोडीत आहे आणि अजून नीट लागलेली नाही. कुणाला मोडी चांगली येत असेल तर एखाद्या शनिवारी वाचायला या. माझा स्वतःचा देहदानाचा फॉर्म भरून टेबलावर पडला आहे. माझी सही झाली, एका शेजारणीची साक्षीदार म्हणून झाली, नातलगाच्या रकान्यात मुलाची हवी. फोनवर म्हणाला, "आई, दिवाळीला आलो की बघू." दिवाळीला तीन आठवडे आहेत.